सनईखालचं मंगलाष्टक

दुपारचं जेवण अंमळ जास्तच झालंय. शरयू कॉटवर लवंडते आणि स्वतःला बजावते, डोळे मिटायचे नाहीत हं, नुसती पाठ टेकायची. असं बजावून आजवर कोणी जागं राहिलंय का? टेबलावर जुना व्हीसीआर घरघरतोय, त्याची वायर कॉम्प्युटरला जोडलीय आणि पडद्यावर तिचंच लग्न चाललंय. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची तर ती पूर्ण वाजू द्यावी लागते, तिथे कोणाची घाई चालत नाही.

लग्न चाललंय आणि सनई वाजतेय. इकडून सनई, तिकडून सनई, नुसती सनई! त्या वेळच्या शूटिंगवाल्याने हौसेने केलेलं काम ते. पाहुण्यांचा कलकलाट बरा दिसत नाही, म्हणून त्याने सगळ्या लग्नावर सनई चढवली आणि घरच्यांनीही वा वा करून त्याला दोन लाडू जास्त वाढले. त्या सनईखाली वेणूआत्याचं मंगलाष्टक गेलं, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं.

वेणूआत्या म्हणजे शरयूच्या वडिलांची बहीण. शरयूची आई गेली तेव्हा पोर जेमतेम चालायला लागलेली. आत्या विधवा, पदरी मूल नाही. तिने भावाला सांगितलं, "हिला मी नेते," आणि नेली. वाढवली, शिकवली, उजवली. लग्नात स्वतः रचलेलं मंगलाष्टक खड्या आवाजात म्हटलं. पण अंतरपाटाअलीकडे शरयू रडत होती, बाहेर ताशेवाल्यांना दम धरवत नव्हता, एक शब्द तिच्या कानात शिरला असेल तर शपथ. पुढे कितीदा तिने विचारलं! आत्याचं उत्तर ठरलेलं, "मंगलाष्टक म्हणजे काय लोणचं आहे, रोज वाढायला? एकदा म्हटलं ते म्हटलं." आणि दोन वर्षांपूर्वी आत्या गेली.

आता शरयूच्या लेकीचं, केतकीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. आत्याचं तेच मंगलाष्टक तिच्या कानांवर पडावं, एवढीच शरयूची इच्छा. म्हणून आठवडाभर ती या कॅसेटीशी झुंजतेय. खरखर काढून झाली, घूं घूं काढून झालं. सनई काढायला गेली तर मागे जे उरलं ते कोणी तोंडात पाण्याची गुळणी धरून बोलावं तसं.

कॉट जराशी हलते.

"सरक की गं. पाय काय पसरलेत, जहागीरदारासारखे!"

पायथ्याशी वेणूआत्या बसलीय. मांडीवर गोधडी, बोटात सुई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ती गेलीय हे शरयूला ठाऊक आहे, पण ते विचारणं बरं दिसायचं नाही असंही वाटतंय. ती निमूट पाय आखडून घेते.

"जेवलीस का आत्या?"

"लग्नघरात कोणी उपाशी राहतं होय?"

खरंच की. खोलीत केवढी गर्दी आहे! कपाटाच्या जागी बोहलं आहे, पंख्याला फुलांच्या माळा लागल्यात. भटजी तोंड उघडतात आणि तोंडातून सनई येते. मामा कोणावर तरी ओरडतात, तीही सनईच. एक पोर भोकाड पसरतं, सनई. शरयू कानांवर हात ठेवते.

"बघ ना आत्या, सगळं खाऊन टाकलंय या सनईने. तुझंसुद्धा."

"खाल्लंय कसलं? काहीतरीच तुझं."

आता दोघी आत्याच्या घरामागच्या अंगणात आहेत. दोरीवर ओली लुगडी, उन्हात घोंगडं. शरयूचे पाय जमिनीला टेकत नाहीत, ती स्टुलावर बसलीय आणि आत्या तिची वेणी घालतेय. गोधडीही घालतेय. दोन्ही एकदमच कसं जमतंय, हे शरयूला विचित्र वाटत नाही.

"ही गोधडी कोणाची?"

"तुझीच. वरचं लुगडं विरलं म्हणून नवं घातलं."

"मग जुनं?"

"आत आहे की! वरून नवं घातलं म्हणून आतलं जातं का कुठे? शिकलीस एवढी, आणि वरचंच उसवत बसलीयस. आत हात घाल."

आत्या तिचा हात धरते आणि गोधडीच्या शिवणीतून आत घालते. आत ऊब आहे. बोटांना काहीतरी बारीक, कडक लागतं.

"आत्या," शरयूला एकदम भरून येतं, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं? मला तुझे आभार..."

"पुरे! आभाराचं मी केव्हाच उरकलंय. मान हलवू नकोस, भांग वाकडा जाईल."

"तू कशाला मानायचेस? आभार तर मी..."

"सावधान!" कोणीतरी ओरडतं.

शरयू डोळे उघडते. खोलीत ऊन तिरपं झालंय. पायथ्याशी कोणी नाही. आणि सनई वाजत नाही.

कॅसेट थांबलेली नाही. लग्न चालूच आहे, पण आता त्यात माणसं आहेत! भांड्यांचा खणखणाट, "अहो, जरा बाजूला व्हा की", कोणाचं तरी रडणारं पोर, ताशा. शरयू धडपडत उठते. व्हीसीआरच्या पुढच्या बाजूला एक चिंचोळी झडप आहे. आठवडाभरात तिने ती एकदाही उघडली नव्हती, मशीनचाच भाग म्हणून सोडून दिली होती. ती आत्ता उघडी आहे. आत एक बारीक कळ आहे, आणि ती एका टोकाला सरकलेली. वाकून खालची अक्षरं वाचल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडतो. या मशीनवर आवाज दोन जागी उमटतो, एक फितीच्या काठाला आणि एक चित्राच्याच पोटात. शूटिंगवाल्याची सनई काठावर बसलीय. पोटातल्या आवाजाला कोणी हात लावलेलाच नाही.

कळ झोपेत तिनेच सरकवली असेल म्हणा. पण टेबल कॉटपासून चांगलं चार हात लांब आहे, आणि झोपेत चालायची सवय तिच्या सात पिढ्यांत कोणाला नाही.

बाहेरचा ताशा जरा मागे पडतो. एक बाई घसा खाकरते. शरयूचा हात आपोआप तोंडावर जातो. इतक्या वर्षांनी, खणखणीत, किंचित बेसूर:

"आली अंगणि सानुली शरयु ही माझ्या घरी हासली,
नाही जन्म दिला तुला तरि मला केलेस तू माउली..."

शरयू पडद्याजवळ सरकते. आसवं गालांवरून ओघळतात आणि ती हसतेही आहे.

"अगं आत्या," ती पडद्याला म्हणते, "हे मी म्हणायचं होतं ना गं!"

पडद्यावर आत्या मूठभर अक्षता उधळते.