हाय आणि न्हाय

रोशनदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये होते. त्याच्याच प्रोग्रामचं कंपाइल चालू होतं. त्याच्या बहिणीचा फोन आला. "दादा गेला गं," एवढंच म्हणाली. डेंग्यू झालाय हे माहीत होतं, पण दोन दिवसांत घरी येईल असं सगळे म्हणत होते. मी फोन ठेवला आणि स्क्रीनवरून सरकणाऱ्या ओळी बघत राहिले. त्या संपल्या. एकही एरर नव्हती. मला काहीच वाटलं नाही... अजूनही नीट वाटत नाही, म्हणून लिहून बघतेय.

दादा खाडीकाठच्या राई गावचा. वडील खाडीत मासेमारी करणारे. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि रविवारी आम्हा चार-पाच जणांना शिकवायचा. मी जवळच्याच खारी गावात राहते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे प्रश्न विचारायचीही भीती वाटायची. भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारा एक ओपन सोर्स प्रोग्राम दादाने राईच्या बोलीत आणला होता. त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स, तर तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात विंडोज. म्हणून लिनक्सवर बसून विंडोजवर चालेल असा प्रोग्राम बांधायचा, म्हणजे क्रॉस-कंपाइल करायचं. पण ऑफिसात नेला की तो "एक फाइल सापडत नाही" म्हणून बंद पडायचा. मी वैतागले की दादा म्हणायचा, "अगं, डबा दिलास, चमचा कोण देणार? लागतात त्या फायली सोबत बांध. तिकडे त्या नाहीयेत."

शेवटच्या रविवारी मी त्याला माझी सुधारणा दाखवली. बंद करताना प्रोग्राम विचारायचा, 'बंद करायचं हाय का?' खाली दोन बटणं : 'हाय' आणि 'न्हाय'. मी ते शुद्ध केलं होतं. 'बंद करायचं आहे का? होय, नाही.' दादाने दोन्ही बटणं वाचली.

"कोणासाठी बांधतोय आपण हे?"

"सोसायटीसाठी."

"मग तिथे असं कोण बोलतं? माझ्या बाबांना विचारलंस?"

"कॉलेजात दाखवलं तर हसतील ना, दादा."

"कॉलेजात भरती येते का?" तो हसला. मग म्हणाला, "राहू दे. आधी चालू तर होऊ दे."

मी घरी जसं बोलते तसं कॉलेजात बोलत नाही, हे त्याला सांगायचं राहून गेलं... आणि प्रोग्राम सोसायटीच्या कॉम्प्युटरवर चाललेला त्याने पाहिलाच नाही.

तेराव्यानंतर बहिणीने त्याचा लॅपटॉप माझ्याकडे दिला. लॅबमध्ये बांधलेल्या प्रोग्राममध्ये माझेच शब्द होते. मी त्याचे शब्द परत घातले, पुन्हा कंपाइल केलं, लागणाऱ्या फायली एकेक तपासून सोबत ठेवल्या आणि पेन ड्राइव्ह घेऊन राईला गेले. ऑफिसात दादाचे वडील येऊन बसले होते. मी डबल क्लिक केलं. प्रोग्राम उघडला. त्यांनी आजच्या भरतीची वेळ वाचली, खिडकीतून खाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर हाय."

बंद होतो का, तेही बघायचं होतं. मी कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं. मधे छोटी चौकट आली. काका पुढे वाकले आणि शाळेतल्यासारखं अक्षर अक्षर लावून त्यांनी प्रश्न मोठ्याने वाचला. मग थांबले.

"न्हाय," ते म्हणाले.

मी तेच बटण दाबलं. चौकट गेली. भरतीची वेळ तिथेच राहिली.