कमोडपुढचे पाट

मी दार ढकललं, तेव्हा ताराबाई कमोडवर चढून, कडांवर पाय रोवून उकिडव्या बसायच्या तयारीत होत्या. एका हातात खिडकीचा गज, दुसरा पोटाच्या पट्टीवर.

"आधी खाली उतरा!" मी ओरडले.

"खुर्चीवर बसून कुठं व्हतं व्हय, बाई?" त्या रडकुंडीला आल्या होत्या. "पाय लोंबकाळत्यात. जोरच लागत न्हाई."

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. कोपरगावातल्या एका खासगी दवाखान्यात मी सरांच्या हाताखाली सर्जरी करत होते. ताराबाईंच्या आतड्याला पीळ पडला होता. तेवढा भाग कापून आम्ही दोन टोकं शिवली होती. या जोडाला अ‍ॅनास्टोमोसिस म्हणतात. तो ओला असेपर्यंत कुंथायचं नाही. जोड अगदी खाली, म्हणून एनिमाही नको. वारा सरला होता, पण पुढे काहीच नाही. पोट पुन्हा फुगायला लागलं होतं.

अंगणापलीकडच्या देशी संडासापर्यंत चालत जायची ताकद त्यांच्यात नव्हती. राहिला सरांनी मुंबईहून आणवलेला कमोड. त्याचं सरांना कोण कौतुक!

"सकाळपर्यंत झालं नाही तर पोट पुन्हा उघडायचं," सर म्हणाले.

"सर, त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत. गुडघे वर आले की खालची वाट सरळ होते. पायाखाली काहीतरी देऊ या."

"अख्खं जग कमोडवर बसतं, डॉक्टर. सवय होईल."

"सवय व्हायच्या आत तुम्ही पोट उघडणार!"

माझं डोकं फिरलं. मी राहायला वरच्याच मजल्यावर. तडक घरी गेले आणि माझ्या लग्नातले, पितळी फुलं ठोकलेले दोन सागवानी पाट काखोटीला मारून खाली आले. एकावर एक ठेवून कमोडपुढे मांडले.

"जेवायचे पाट संडासात? उचला ते!" सर दारातूनच गरजले.

"नाही उचलणार. पाट इथंच राहतील. मला काढायचं तर काढा."

ते पाय आपटत निघून गेले. आता ताराबाई अडल्या.

"पाटावर पाय? न्हाई बाई, पाप लागंल."

"लागू दे माझ्या नावावर. तुम्ही बसा."

मी त्यांच्या पोटाशी उशी दिली. कोपरं गुडघ्यांवर टेकवून पुढे झुकायला सांगितलं. कुंथायचं नाही, तोंडाने हळूहळू श्वास सोडायचा. मग दार ओढून बाहेर उभी राहिले. पोट पुन्हा उघडलं तर ही बाई टेबलावरून उठेल याची मला खात्री नव्हती.

बराच वेळ काही नाही. मग आतून आवाज आला, "झालं वो बाई, झालं!" अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

सरांनी पाटांचा विषय पुन्हा काढला नाही. फक्त एकदा जाता जाता म्हणाले, "त्यावरची पितळी फुलं काढून ठेवा. काळी पडतील."

घरी गेल्यावर पुढच्या तपासणीला ताराबाई नवऱ्याला घेऊन आल्या. तो सुतार. त्याच्या डोक्यावर बाभळीचे दोन कोरे पाट.

"हे तुमाला जेवायला," ताराबाई म्हणाल्या. "ते तिथंच ऱ्हाऊ द्या. आनखी कुनाला लागतील."

ते तिथंच राहिले. हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या डॉक्टरला मी पुढे एवढंच सांगत आले: पेशंटचं पोट फुगलं, तर सुरी मागायच्या आधी त्याचे पाय कुठे टेकतात ते बघा.