दादाला उचललं तेव्हा

आमच्या उरणकडच्या गावात फुटबॉल आणला तो मुंबईच्या गोदीत कामाला असलेल्या माणसांनी. गोऱ्या शिपायांचे खेळ बघून त्यांना नाद लागला आणि सुट्टीवर येताना एकानं चामड्याचा बॉल आणला. मग दरवर्षीचंच झालं. भातकापणी झाली की मधला बांध फोडून गावामागची दोन शेतं एक करायची, बांबूचे खांब रोवायचे आणि शिमग्यापर्यंत आसपासच्या गावांशी सामने खेळायचे. माझा मोठा भाऊ गोलवर उभा राहायचा. वडिलांच्या होडीवर जाळी ओढून त्याचे हात असे झाले होते की एकदा धरलेला बॉल सुटायचा नाही. लग्न होऊन त्याला वर्षही झालं नव्हतं.

हंगामातला शेवटचा सामना संपला की माणसं मैदानात घुसायची. जिंकलो तर खेळाडूंना खांद्यावर घ्यायला, हरलो तर पंचाशी भांडायला. त्या वर्षी शाळेच्या मास्तरांनी देवळासमोर हा विषय काढला. आदल्या खेपेला एका म्हाताऱ्याचा पाय तुडवला गेला होता.

"मैदानाभोवती दोरी बांधू," मास्तर म्हणाले. "खेळाडू बाहेर आले की मग हवा तेवढा गुलाल उधळा."

"आपलीच मानसं हायत मास्तर. त्यांना काय गुरांसारखी दोरी लावायची?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मास्तरांनी दादाला विचारलं, "तू सांग. खेळतोस तू."

दादा म्हणाला, "लोक आत आलं न्हाय तर जिंकल्यासारखं वाटनारच न्हाय, मास्तर. त्याच्यासाठीच तर खेलतो."

विषय तिथंच संपला. त्याचं म्हणणं मलाही पटलं होतं. वर्षभर खारं पाणी उपसणाऱ्या माणसाला दुसरं कोण खांद्यावर घेणार होतं?

शेवटच्या सामन्याला खाडीपलीकडचं गाव होड्या भरून आलं. आम्ही बायका लांबच्या उंच बांधावर उभ्या होतो, वहिनी माझ्या शेजारी. आमचा एक गोल झाला होता. अगदी शेवटी त्यांच्या एका उंच गड्यानं जवळून बॉल मारला. दादानं अंग झोकून तो छातीशी घेतला आणि मुटकुळं करून जमिनीवर पडला. तेवढ्यात शिट्टी वाजली.

तो अजून उठला नव्हता. चारी बाजूंनी माणसं धावली. त्याचा एक गुडघा वर झालेला मी पाहिला, मग दिसेनासा झाला. बांध फोडला होता तिथली जमीन खालीवर होती. पुढचे अडखळून पडले, मागचे त्यांच्यावर पडले. नंतर गर्दीतून दादा वर आला, लोकांच्या खांद्यांवर, गुलालानं लाल झालेला. त्याची मान मागं कलली होती. वहिनीनं माझा हात घट्ट धरला. "बघा, बघा वन्सं!" ती म्हणाली. आम्ही दोघी हसत होतो.

दादाचे ओठ हलत होते. तो काय म्हणत होता ते पुढं कळलं. त्याचा उजवा दंड धरून चालला होता त्याचा जिवाभावाचा दोस्त. त्याला दादानं विचारलं, "माझं पाय कुठं हायत?"

"आभालात!" दोस्त ओरडला.

तशीच मैदानाला फेरी घातली, मग वाजत गाजत देवळापर्यंत नेलं. पायरीवर बसवला तेव्हा तो कुशीवर कोसळला.

सकाळच्या लाँचनं त्याला मुंबईला नेलं. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मणका गेलाय, कमरेखाली आता जीव येणार नाही. वडिलांनी विचारलं, "तुडवला तेव्हा गेला का उचलला तेव्हा?" डॉक्टर म्हणाले, "ते कळून आता काय करणार?" पण वडील हा प्रश्न पुढं भेटेल त्याला विचारत राहिले.

दादाची खाट पडवीत टाकली. सुरुवातीला माणसं रीघ लावून येत. मासळी देत, शहाळी देत, इकडचं तिकडचं बोलून उठत. त्या दिवसाबद्दल कुणी बोलत नसे. बोलणार तरी कोण? सगळंच गाव धावलं होतं. दोस्त मात्र रोज येऊन दादाच्या पायांना तेल चोळायचा. एक दिवस तो मान खाली घालून म्हणाला, "तवा उजव्या हाताला मीच होतो."

"ठाव हाय मला," दादा म्हणाला. "चोल तू."

तो आणखी थोडे दिवस आला. मग गोदीत कामाला लागला आणि शिमग्यालासुद्धा गावी फिरकला नाही.

पुढच्या हंगामात चार माणसं दादाला विचारायला आली, दोरी लावायची का. दादा म्हणाला, "लावा." लावलीही. शेवटच्या सामन्याच्या दिवशी आम्ही पडवीत बसलो होतो. आधी गोल झाल्याचा ओरडा ऐकू आला. बऱ्याच वेळानं दुसरा आवाज आला, जमिनीतून आल्यासारखा, शेकडो पायांचा.

"गेलं आत," दादा म्हणाला.

वहिनी उठून चुलीकडे गेली. संध्याकाळी शेजारचा एकजण सांगायला आला, "दोरी व्हती रे, पन जिंकलो ना!" दादानं त्याला विचारलं, "किती गोलांनी?" आणि तो सांगत गेला तसं सगळं ऐकून घेतलं.

मला पुष्कळांनी विचारलंय, लोकांनी असं मैदानात घुसावं का म्हणून. घुसू नये. पण हे सांगून कुणी थांबेल असं मला वाटत नाही. त्या गर्दीत एकही माणूस वाईट नव्हता. असता तर आम्हाला रागवायला तरी कुणी मिळालं असतं.

वहिनीच्या बापाला दादानंच निरोप पाठवला, मुलीला घेऊन जा. ती महिनाभर हटून बसली. दादा तिच्याशी बोलेनासा झाला, तेव्हा गेली. त्यानंतर त्याच्या पाठीला जखमा झाल्या. आई आणि मी त्याची कूस बदलायचो, धुवायचो, कडुलिंबाचा पाला उकळून लावायचो. जखमा भरल्या नाहीत. पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या त्या दिवसांत तो गेला.

दहाव्याला वहिनी माहेराहून तरीनं आली. तिचं दुसरीकडे लग्न जमत होतं, आम्हाला माहीत होतं. ती आईजवळ बसून राहिली. दुपारी आईच म्हणाली, "जा बाय आता. खाडीला पानी हाय तवर नीघ." तिनं आईच्या पायांना हात लावला आणि गेली.