मिठूच्या पाण्याचा तास

शाळेत खडू संपतो, किस्से संपत नाहीत. आमच्या लोणारच्या शाळेतला एखादा जुना मास्तर भेटला की चहा यायच्या आत मिठूच्या पाण्याचा विषय निघतोच.

मिठू म्हणजे आमचा पोपट. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. मी गणिताचा मास्तर, बिऱ्हाड शाळेला लागूनच. मिठूला एक वाईट खोड होती. भाकरीचा तुकडा पाण्यात बुचकळल्याशिवाय पठ्ठ्या खायचाच नाही. दुपारपर्यंत वाटीला वास! आधीचा पोपट आम्ही एका लग्नाला गेलो असताना असलंच नासकं पाणी पिऊन गेला. तेव्हापासून माझी बायको गोदा माहेरी गेली नव्हती. माहेर कुठे, तर अमडापूर! सकाळी एसटीत बसलं की दुपारच्या जेवणाला पोचतो माणूस.

आता तिच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. "पाण्याची खात्री द्या, मंग मी निघतो," असं तिनं बजावलं. मी गेलो स्टाफरूमकडे.

*

पहिली परीक्षा संस्कृतच्या पाठकसरांची. पाणी स्वच्छ ठेवायचं त्यांना सांगून रविवारी आम्ही मुद्दाम सुलतानपूरला जाऊन आलो. संध्याकाळी पाहतो तर पाणी लख्ख, भाकरीचा कण नाही. गोदा हरखली. मग तिच्या लक्षात आलं, वाटी पिंजऱ्याच्या बाहेर ठेवलेली होती!

पाठकसर शांतपणे म्हणाले, "स्वच्छ राहिलं की नाही? पाजायचं तुम्ही कुठे सांगितलं होतं?"

*

मग ड्रॉइंगचे वानखडे मास्तर. पाखरांवर त्यांचा फार जीव. पुढच्या रविवारी दिवसभर पिंजऱ्यासमोर बसून त्यांनी मिठूचं चित्र काढलं. चित्र झकास झालं होतं, पण वाटीतलं पाणी हिरवं. ब्रश धुवायला हाताशी तीच वाटी!

"रंग त्याचाच हाये न, गुरुजी," वानखडे म्हणाले.

गोदानं भरायला काढलेली ट्रंक पुन्हा पलंगाखाली सरकवली. "भावाले कळवा, ताई येत नाही," एवढंच बोलली आणि चुलीकडे तोंड करून रडली. मला फार वाईट वाटलं.

*

आमचे हेडमास्तर भारी कडक. काय बे, चाल बे असं कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. "या शाळेत बे फक्त पाढ्यात ऐकू आला पाहिजे," असा हुकूमच होता. त्यांच्या कानावर आमची भानगड गेली. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार.

पण त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक उतरवलं. घंटा झाली की ज्याचा ऑफ पिरियड, त्यानं जाऊन वाटी राखेनं घासायची, ताजं पाणी भरायचं. वाटी पिंजऱ्याच्या आत ठेवायची, हे पाठकसरांकडे पाहून. ब्रश न्यायचा नाही, हे वानखड्यांकडे पाहून. शाळा सुटल्यावर आणि रविवारी ते स्वतः जाणार.

मग आमच्या घरी येऊन गोदाला म्हणाले, "वहिनी, तुम्ही बिनघोर जा. आता हा शाळेच्या इज्जतीचा प्रश्न हाये."

*

आम्ही लग्नात असताना नेमके इन्स्पेक्शनचे साहेब आले. बैठक रंगात असताना घंटा झाली. वानखडे उठले आणि म्हणाले, "साहेब, पाणी बदलून येतो."

साहेबांनी समोरचा तांब्या पाहिला आणि गहिवरले. "कशाला त्रास? हेच चालेल मला." जाताना म्हणे शाळेच्या अगत्याची फार तारीफ करून गेले.

*

आम्ही परतलो ते मधल्या सुट्टीत. ओसरीवर सगळा स्टाफ निकाल ऐकायला आल्यासारखा बसलेला, मधोमध खुर्चीवर हेडमास्तर. गोदानं हातातली पिशवीही खाली ठेवली नाही. वाटी बाहेर काढली, उजेडात धरली, वास घेतला, बोट बुडवून पाहिलं. सगळे श्वास रोखून.

"आता दिवाळीलेही जाईन मी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. वानखड्यांनी टाळ्याच पिटल्या.

तेवढ्यात शाळेची घंटा झाली. मिठूनं मान लांब केली आणि खणखणीत आवाजात ओरडला, "पाणी बदल बे!"

पाठकसरांनी वानखड्यांकडे पाहिलं, वानखड्यांनी आढ्याकडे.

हेडमास्तर खुर्चीतून उठले, गोदाच्या हातातली वाटी घेतली आणि मुकाट्यानं माठाकडे गेले.