रविवारपर्यंतचं पाणी

मकारची कबर जमिनीखाली आठशे मीटरवर होती. तिच्यावर माती नव्हती, काँक्रीटची भिंत होती. सतरा वर्षांपूर्वी कोळशाच्या खाणीत वायू पेटला, आग काही केल्या विझेना, तेव्हा तो बोगदाच भिंत घालून बंद करून टाकला. आत अकराजण राहिले. मकार त्यातला एक, तायसियाचा नवरा. वर्षभरात तिनं खालच्या पंपघरात काम मागून घेतलं. बाईचं डोकं फिरलं, असं लोक म्हणाले. पंपघरापासून ती भिंत चाळीस पावलांवर होती, एवढंच तिला कळत होतं.

ईस्टरनंतरच्या रविवारी सगळं गाव कबरींवर जेवायला जातं. तायसिया खाली जायची, रंगवलेलं अंडं आणि गोड पावाचा तुकडा घेऊन. खाली वायूमुळे मेणबत्ती नेता येत नाही. मग ती टोपीवरचा दिवा काढून भिंतीकडे तोंड करून ठेवायची. अर्धं अंडं स्वतः खायची, अर्धं भिंतीतल्या खोबणीत ठेवायची. मागे पाणी उपसणारे तीन पंप घरघरत असायचे. मकार असाच घोरायचा.

यंदा तोफा बारा किलोमीटरवर आल्या. कोळसा काढणं हिवाळ्यातच थांबलं होतं, चालू होते ते फक्त पंप. ईस्टर झाल्यावर सोमवारी उरलेल्या तीसेक माणसांना मुख्य इंजिनियर अर्सेननं खाणीच्या न्हाणीघरात बोलावलं. तिथल्या भिंती जाड होत्या.

"विजेची एकच तार शाबूत आहे," तो म्हणाला. "तिच्यावर पंप तरी चालतील, नाहीतर इस्पितळ."

"पंप थांबले म्हणजे खाण बुडाली," मागून एकजण म्हणाला. "या कोळशाशिवाय पोलाद नाही. पोलाद नसेल तर लढाईचा खर्च कोण देणार? तुमचा सासरा?"

"राजधानीतले म्हणतात," अर्सेन म्हणाला, "कोळसा कुठं पळून जात नाही. लढाई संपली की परदेशी कंपन्या येतील, पाणी उपसतील."

वायरमन दोरोश बाकावर पाय सोडून बसला होता. "येतील की. टीव्हीवर जमिनीखालचं सगळं वाटून झालंय मित्रदेशांना. शिकल्यासवरल्या माणसांनी रात्रभर वाद घातला, कुणाला किती टक्के. खाणीतलं खारट पाणी आपल्या विहिरींत चढेल, ते कुणाच्या टक्क्यांत धरलंय?"

"तू जा ना टीव्हीवर," कुणीतरी म्हणालं.

"मला कोण बोलावतंय? माझ्याकडे टाय नाही."

काहीजण हसले. तायसिया हसली नाही. ती उभी राहिली.

"रविवारपर्यंत चालू ठेवा," ती म्हणाली.

कुठला रविवार, ते कुणी विचारलं नाही. ती भिंत घालायचा हुकूम निघाला तेव्हा अर्सेन नवखा होता, आणि पहिलं घमेलं त्यानंच ओतलं होतं.

"इस्पितळाच्या जनरेटरला तेल आहे थोडं," तो म्हणाला. "ठीक आहे, तायामावशी. रविवारपर्यंत."

शुक्रवारी दुपारी पंपघरातला फोन वाजला.

"मावशी, तेलाचा ट्रक पोचला नाही. रस्त्यातच उडवला," अर्सेन बोलत होता. "इस्पितळात सकाळपासून जखमी येतायत. दोन पंप बंद करता येतील का?"

"दोन बंद केले की एक किती पुरणार?"

"पाणी चढेल. पण सावकाश."

"आणि तिसराही बंद केला तर?"

"रविवारचं मी कबूल केलंय तुम्हाला," अर्सेन म्हणाला. "मी काही मागत नाही."

"दोन पंपांच्या विजेत भागतं का इस्पितळाचं?"

"भागत नाही," तो म्हणाला. तिनं फोन ठेवला.

आधी झडप आवळायची, मग वीज तोडायची. उलटं केलं तर परतणारं पाणी नळ फोडतं. हे तिला मकारनंच शिकवलं होतं, घरी, चहाच्या किटलीवर. तिनं पहिला पंप बंद केला. मग दुसरा. तिसऱ्याच्या झडपेला हात लावला. चाक गरम होतं. मग तेही फिरवलं, आणि खटका ओढला.

इतक्या वर्षांत तिनं तिथली शांतता कधी ऐकली नव्हती. कुठेतरी पाणी ठिबकत होतं, आणि ते आधीपासूनच ठिबकत असणार.

रविवारसाठी रंगवलेलं अंडं डब्यात होतं. तोफांच्या दिवसांत सगळं बरोबर बाळगायची तिला सवय लागली होती. ती चाळीस पावलं चालून गेली. दिवा काढून भिंतीकडे ठेवला, अंडं सोललं, अर्धं खाल्लं. उरलेलं अर्धं तिनं नेहमीच्या खोबणीत न ठेवता हात पोचेल तितक्या उंचावर ठेवलं.

वर खाणीच्या तोंडाशी टोप्यांवरचे दिवे परत घेणारी बाई कधीच गाव सोडून गेली होती. तिच्या खिडकीत आता दोरोश बसायचा. त्यानं तायसियाचा दिवा घेतला आणि तिच्या हातांकडे पाहिलं. बोटांना अंड्याचा लाल रंग लागला होता.

"झाला का रविवार, मावशी?"

"झाला," तायसिया म्हणाली.