खडोलीची ‘काय झाय’ पेटी

टोकरखाडा वस्तीतल्या आपल्या खोलीत कुसुमबाईंनी पलंगाखालून चिठ्ठ्यांची पिशवी ओढली, पण गाठ काही सोडली नाही. समोर पुण्याच्या प्राध्यापक सुप्रिया मॅडम वही उघडून बसलेल्या. परदेशी कंपन्यांच्या कारभारावर त्या संशोधन करत होत्या. खडोलीतला, आता बंद पडलेला धाग्याचा कारखाना त्या बारा वर्षं वर्गात आदर्श म्हणून शिकवत आल्या होत्या. एका वर्षात कामगारांनी सुधारणेच्या नऊशे सूचना दिल्या, असं कंपनीच्या अहवालात होतं.

त्याच कारखान्यात साक्रीकडच्या कुसुमबाई अठरा वर्षं धागा गुंडाळलेले कोन पॅक करत. सूचनांची निळी पेटी दर शनिवारी उघडायचं कामही त्यांचंच.

पेटी लागली त्या दिवशी कंपनीच्या गोऱ्या साहेबाने भाषण केलं, रोज ‘कायझेन’ लिहा म्हणून. शब्द जपानी, कामात रोज थोडी सुधारणा अशा अर्थाचा. पण अर्थ सांगितला इंग्रजीत, तोही मशीनच्या घरघरीत. धुळ्या-नंदुरबारच्या बायांना ऐकू आलं ‘काय झाय?’, म्हणजे काय झालं?

“आम्हाला वाटलं, साहेब अहिराणी शिकून आला,” कुसुमबाई हसल्या. “एवढ्या मायेनं विचारतोय, तर सांगू ना.”

मग बाया सांगतच गेल्या. चहाच्या सुट्टीत एकीच्या पाठीवर कागद ठेवून दुसरी लिहायची. ‘मनी पोर दहावी पास व्हयनी.’ ‘तीन नंबरनं मशीन सकायपाईन रडस.’ मशीन सकाळपासून रडतं हे वाचून कुसुमबाई स्वतः इंजिनिअर विलासरावांकडे धावल्या होत्या. बेअरिंग खरंच गेलं होतं. बाकी ऑफिसात कोणी वाचत नसे. चिठ्ठ्या मोजून आकडा अहवालात घालायचे आणि कुसुमबाईंना म्हणायचे, फेकून दे. त्यांनी मात्र एकही फेकली नाही. ते दिवस आठवले की अजूनही कुसुमबाईंच्या कानात बायांचं हसू वाजायचं.

मॅडमना त्या चिठ्ठ्या पुस्तकासाठी हव्या होत्या. कुसुमबाईंचा हात गाठीवरच राहिला.

“छापलं तर लोक हसतील, मॅडम. म्हणतील, अडाणी बाया, शब्द कळला नाही.”

सुप्रिया मॅडमनी पेन खाली ठेवलं. “शब्द मला कळला होता, कुसुमताई. एकही चिठ्ठी न वाचता बारा वर्षं शिकवलं मी. छापायचीय ती माझी चूक.”

“तुमच्या नावानं?”

“पहिल्याच पानावर.”

कुसुमबाईंनी गाठ सोडून चिठ्ठ्या चादरीवर ओतल्या, चाळता चाळता एक उचलली आणि मुठीत घेतली.

“ही बायडाबाईची, माझ्यासोबत पॅकिंगला होती ती. फक्त मीच वाचणार हे ठाऊक होतं, म्हणून टाकली होती तिनं. ही नाही द्यायची,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या मी वाचते, तुम्ही लिहा. अहिराणी तुम्हाला एकटीला झेपायची नाही.”