मगदूम साहेब आणि मशीनच्या पोटातली अक्षता

आदरणीय वसंतराव मगदूम साहेबांना मी पहिल्यांदा पाहिले ते ओरडताना. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत माझा तो पहिला दिवस, आणि साहेब तिथले मॅनेजर. साहेब कुणाला तरी असे झाडत होते की मी दारातच थांबलो. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पावणं, वडगावचं न्हवं का तुम्ही? जेवलासा काय?" उत्तराची वाट न पाहता त्यांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला. आधी धक्का आणि मग भाकरी, ही साहेबांची रीत मला त्या दिवसापासून ठाऊक आहे.

तरीही गेल्या दसऱ्यानंतर त्यांनी दिलेला धक्का मी अजून पचवलेला नाही.

माल बाहेर पाठवण्याची कागदपत्रे आमच्याकडे एकाच लेझर प्रिंटरवर निघतात. ते काम सलमा मुजावर पाहतात. त्या कंत्राटी कामगार, आणि घरात कमावत्या त्या एकट्याच. दसरा झाला आणि प्रिंटर कागद खायला लागला. पान आत जायचे, चुरगळून अडकायचे. सलमाताईंनी नवा कागद आणला, गठ्ठा सुटा करून घातला, ट्रेच्या पट्ट्या नीट बसवल्या. मेकॅनिक येऊन रोलर पुसून गेला. दोन दिवस बरे गेले की पुन्हा तेच. गेटवर ट्रक खोळंबू लागले, तसा मालकांचा फोन आला, "चूक कुणाची?" साहेबांनी भर मीटिंगमध्ये सलमाताईंचे नाव घेतले. नव्या महिन्यापासून त्यांचे कंत्राट बंद करायचे, असेही ठरले.

सलमाताई रडल्या नाहीत. सरळ साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मी कागद नीटच लावतोय की साहेब. एकदा स्वतः येऊन बघा, मग काढा मला."

साहेब तणतणत आले. "लाव माझ्यासमोर." कागद अडकला. मग साहेबांनी स्वतः लावला, तोही अडकला! त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तेव्हा त्यांच्यातला जुना फिटर जागा झाला. त्यांनी अडकलेली पाने टेबलावर ओळीने मांडली. प्रत्येक पान डाव्या कोपऱ्यातच दुमडलेले होते. "कागदाचा दोष असता तर कुठंबी दुमडला असता. आत डाव्या अंगाला कायतरी हाय." त्यांनी प्रिंटर बंद केला, थंड होऊ दिला, टोनर बाहेर काढला आणि मोबाइलच्या उजेडात वाकून पाहिले. रोलरच्या कडेच्या फटीतून चिमट्याने काहीतरी ओढून तळहातावर घेतले.

कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा!

मी चरकलोच. खंडेनवमीला आम्ही सगळ्या यंत्रांची पूजा करतो. त्या दिवशी टोनर बदलायचा म्हणून प्रिंटरचे झाकण उघडे होते आणि साहेबांनीच मूठभर अक्षता त्यावर टाकल्या होत्या. "आतनंबी आशीर्वाद लागतोय की," असे वर म्हणालेही होते. आता दाणा त्यांच्या मुठीत होता. बाकीचे लांब उभे होते, त्यांना काही दिसले नव्हते. साहेबांनी तो खिशात टाकला असता तर माझ्याशिवाय कुणालाच काही कळले नसते.

साहेबांनी सगळ्या ऑफिसला जवळ बोलावले आणि तळहात उघडून दाखवला. "ही अक्षता मी टाकलीया. सलमाचं काय बी चुकलं न्हाय." मग तिथेच मालकांना फोन लावला, तोही स्पीकरवर. "ट्रक माझ्यामुळं थांबले. कापायचा तर माझा पगार कापा. सलमा हितंच ऱ्हाणार." फोन ठेवून ते सलमाताईंकडे वळले. "चारचौघांत बोललो तुला, म्हणून चारचौघांतच माफी मागतो," म्हणत त्यांनी हात जोडले. ज्यांच्या आवाजाने भट्टीवरची माणसेसुद्धा दचकतात, ते साहेब एका कंत्राटी बाईपुढे हात जोडून उभे! सलमाताई एवढेच म्हणाल्या, "हात खाली घ्या साहेब, मला कसंतरी हुतंय." मग मात्र त्यांना रडू आवरले नाही. माझेही डोळे भरून आले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सलमाताईंचे कंत्राट चालू राहिले.

साहेब, आज आपण साठी पूर्ण करीत आहात. आपल्याला उदंड आयुष्य आणि खणखणीत आरोग्य लाभो, आवाजही असाच राहो. यात माझा स्वार्थ आहे. काही बिघडले की मी अजूनही आधी दुसऱ्याच्या हाताकडे बघतो. आपल्यासारखी स्वतःची मूठ उघडायला मला शिकायचे आहे, आणि माझा स्वभाव पाहता त्याला बरीच वर्षे लागतील.